बर्फापाशी थांबवलेला गेम

२ मार्च, रविवार

ठरलं. मे महिन्यात, चार तारखेला. नाशिकची मंडळी आली, पोहे खाल्ले, चहा घेतला, गेली. मुलगा नितीन. मुलगा कसला, चाळिशी उलटलेला माणूस. पहिली बायको आजारात गेली, मूलबाळ नाही. बोलतो कमी. माझ्या नातीशी, मनूशी बोलताना मात्र फरशीवर मांडी घालून बसला. ते बघून बरं वाटलं आणि मी उठून बश्या उचलायला लागले.

स्थळ मीच शोधलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या अमोलला जाऊन दोन वर्षं झाली. शुभांगी चौतिसाची आहे, तिनं काय सासू-सासऱ्यांच्या गोळ्या काढून देण्यात आयुष्य घालवायचं? दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा गप्प बसली, म्हणजे हो. आता सगळं माझ्या मनासारखं झालं तर घास उतरेना.

शुभांगीला यापुढं नुसतं शु. लिहीन. बोटं आखडतात.

५ मार्च, बुध.

वैजापूरहून मोठे भाऊजी आले, कांद्याची गोणी घेऊन. लग्नाचं कुणीतरी कळवलंच होतं. भांडतील वाटलं, तर उलट समजुतीनं बोलले. म्हणाले, "सून जाऊ द्या. तिचं वय हाय. पण पोरगी आपली हाय, अमोलचं रक्त हाय. तिला कामून धाडता?"

हे पेपर वाचत राहिले. वाळूजला कारखान्यातल्या प्रेसशॉपच्या दणदणाटात नोकरी झाली, कान गेलेत. पण हे वाक्य यांना ऐकू आलं होतं, पेपरचं पान किती वेळ उलटलं नाही.

मी "बघू" म्हटलं. नाही म्हणायला पाहिजे होतं. बघू म्हटलं कारण तो विचार माझ्या मनात भाऊजींच्या आधीपासून आहे.

९ मार्च, रवि.

मनू सकाळपासून गेमवर. चौथीची परीक्षा तोंडावर आलीय, पण मी रागावले नाही. किती दिवस बसणार आहे आता इथं.

जुना काळा डबा, वायरीचे दोन रिमोट, वरून खोचायची पिवळी कॅसेट. टीव्हीपण जुना, चौदा इंची, मागून ढेरी सुटलेला. लॉकडाऊनमध्ये अमोलनं माळ्यावरून काढला, दोन दिवस सोल्डरिंगचे डाग देत बसला आणि चालू केला. मनू तेव्हा बालवाडीत. तिच्या हातात रिमोट मावत नव्हता. तो तिचा अंगठा धरून बटण दाबायचा.

आज मनू म्हणाली, "आजी, तू खरंच गेमवाली काकू होतीस?" म्हटलं, आपल्या अख्ख्या एन-सात वसाहतीला विचार.

१५ मार्च, शनि.

मनूनं विचारलं तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असेल. कंपनीत टाळेबंदी, हे घरी. माझा भाऊ मुंबईहून दोन व्हिडिओ गेम घेऊन आला, म्हणाला, ताई, पुढच्या खोलीत लाव, पोरं येतील. पोरं आली, अशी आली की दारात चपलांचा ढीग पडायचा. मी स्वयंपाकघरातून गजराचं घड्याळ लावायची, वाजलं की उठायचं. उठवताना नरडं बसायचं. आया भांडायला यायच्या, आमची पोरं बिघडवली म्हणून. त्याच आया संध्याकाळी पोरगं सापडलं नाही की आधी माझ्याकडं यायच्या. वाळूजची शिफ्ट सुटली की बसमधून उतरून दाढीमिशावाले गडीसुद्धा यायचे, जेवणाचा डबा मांडीवर ठेवून खेळायचे. त्यांना काकू म्हणायची लाज वाटायची, वहिनी म्हणायचे.

दसऱ्याला मी गेमच्या डब्यांची पूजा करायची. एका वर्षी कॅसेटच्या खाचेत हळदकुंकू गेलं आणि ती कॅसेट जन्मात पुन्हा लागली नाही. यांनी ते वर्षभर गावभर सांगितलं.

नंतर जुना कॉम्प्युटर आणला. त्याला मी साटिनचं झाकण शिवलं, झालर लावून, आणि खोलीत चपला बंद केल्या. अमोल त्यावर सारखं काहीतरी टाइप करायचा. मराठी अक्षरं नव्हतीच. त्यानं कडेला भोकं असलेल्या कागदावर इंग्रजी अक्षरांत छापलं होतं, हात लावू नये, अमोल. ते भिंतीवरच्या गेमच्या बटणाजवळ चिकटवलं होतं. रंगकामात गेलं.

तसं चिकटवायचं कारण असं होतं की ह्या जुन्या गेमांमध्ये खेळ जपून ठेवायची सोय नाही. बंद केला की पुन्हा पहिल्यापासून. मग पोरं काय करायची, मधलं बटण दाबून गेम थांबवायची, टीव्ही बंद करायची आणि डबा तसाच चालू ठेवायची. लाल दिवा जळत राहायचा. शाळेत जाऊन यायचं आणि पुढं खेळायचं. माझ्या घरात रिकाम्या खोलीत पंखा चालू दिसला तर मी आरडाओरडा करणारी बाई. त्या एका लाल दिव्याला तेवढी माफी होती.

२० मार्च, गुरु.

शु. बरोबर साड्या बघायला गुलमंडीला. तिनं फिकट निवडली. मी गुलबक्षी घ्यायला लावली. दुकानदारानं विचारलं, मुलीचं लग्न का? मी हो म्हटलं. ती रडली, मग मी पण. दुकानदारानं पंखा मोठा केला.

३० मार्च, पाडवा

गुढी उतरवताना शु. म्हणाली, "आई, तुम्ही म्हणालात तर मी नाही जात. मोडते सगळं."

तिला माझा चेहरा दिसत असणार. म्हटलं, गुढीचा तांब्या दे इकडं. दुसरं काय बोलणार होते. एक शब्द बोलले असते तर ती खरंच राहिली असती, आणि मी तिला ठेवून घेतलं असतं.

२० एप्रिल, रवि.

मनू बर्फात पोचली.

गेम म्हणजे डोंगरवाला. एक छोटा माणूस, पाठीला दोर. आधी जंगल, मग नदी, मग गुहा, मग बर्फ. वर काय आहे कुणाला माहीत नाही, आमच्याकडं कुणीच वर गेलं नाही. सहावीत असताना अमोल बर्फापर्यंत गेला होता, चार दिवस डबा चालू ठेवून. मग भारनियमन. त्या दिवशी जेवला नव्हता. पुन्हा कधी तिथवर पोचला नाही. मोठा झाल्यावरही मनूला सांगायचा, मी बर्फ बघितलाय.

आज बर्फ दिसल्याबरोबर मनू ओरडली नाही, काही नाही. बटण दाबून थांबवला आणि माझ्याकडं बघत बसली. म्हणाली, "पप्पा इथंच होते ना?"

मी स्वयंपाकघरात गेले.

४ मे, रवि.

लग्न झालं. घरच्या घरी, मोजकी माणसं. भाऊजी आले नाहीत. कन्यादान यांनी केलं. पाणी नीट सोडलं.

यांच्यासारखा माणूस मी बघितला नाही. आज लिहून ठेवते, तोंडावर बोलणं होत नाही.

मनू अजून आमच्याकडं आहे. तिकडचं घर लागेपर्यंत.

२० मे, मंगळ.

गेली.

नितीन गाडी घेऊन आला होता. मनूनं सगळ्या बाहुल्या नेल्या, सायकल नेली. गेम नेला नाही. मी म्हटलं, ने बाई, तिकडं खेळ. तर म्हणे, नेला तर बंद करावा लागेल, बर्फ जाईल. परवा बसून पुन्हा तिथवर गेली होती, पहिल्यापासून. आता दोनच जीव उरलेत, घाईत खेळायचं नाही म्हणते.

दारातून पळत परत आली. "आजी, बंद करू नको हं. मी आले की पुढं खेळीन."

मी म्हटलं, नाही करत.

संध्याकाळी चार पोळ्या जास्त झाल्या.

२३ मे, शुक्र.

शुक्रवार, देखभाल-दुरुस्तीसाठी लाईट गेली. इन्व्हर्टर आहे, पण पुढच्या खोलीचं ते बटण त्यावर नाहीच हे लक्षात आलं तेव्हा माझा जीव उडाला. पण दिवा जळत होता. हे म्हणाले, मी परवाच वायर ओढून घेतलीय. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. मी सकाळी पेपर घ्यायला उठले तेव्हा डब्याला हात लावून बघताना यांना पकडलं होतं, तेव्हाच कळायला हवं होतं.

गरम होतो डबा. छोटा पंखा लावलाय.

१६ जून, सोम.

मनूची शाळा सुरू झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. नवीन गणवेश, दोन वेण्या. ह्या वेण्या शु.च्या नाहीत, सैल आहेत. नितीननं घातल्या असणार. घालतो बिचारा, शिकतोय.

बिचारा लिहिलं. बिचारा कशानं? मला राग येतो त्याचा. त्याचं काही चुकत नाही, त्याचाच जास्त येतो.

२९ जून, रवि.

फोन. मनू शाळेतलं सांगत होती, कुणी तरी सानिका नावाची मैत्रीण झालीय. मध्येच म्हणाली, "थांब आजी, बाबा आले."

मी दाराकडं बघितलं. आमच्या दाराकडं.

पप्पा नाही, बाबा म्हणते त्याला. पप्पा तो पप्पाच, असं तिनंच ठरवलं असेल. शहाणी आहे. पण मी दाराकडं बघितलं ते बघितलंच.

६ जुलै, रवि.

आषाढी. उपास. शु.चा फोन नाही. हे म्हणाले, तू कर. नाही केला. रोज उठून आपण फोन केला तर तिथं तिला संसार कसा करू देणार. दुपारी केलाच.

१३ जुलै, रवि.

अडॅप्टर गुणगुणायला लागला. हात लावला तर चटका. हे म्हणाले, हा जातो आता. गेला की गेम बंद.

इस्माईलच्या दुकानात गेलो, मुकुंदवाडीत. हा इस्माईल माझ्या पुढच्या खोलीतला, गजर वाजला तरी न उठणारा. आता मोबाईल दुरुस्त करतो, दाढी पांढरी झाली. म्हणाला, "काकी, ये अडॅप्टर अब कौन बनाता? मिलताच नै." मग आतल्या खोलीत शोधून जुना काढून दिला. कशासाठी पाहिजे विचारलं. यांनी सांगितलं सगळं, मनूचं, बर्फाचं. इस्माईलनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं. अमोलचा दोस्त होता तो. आम्हाला सोडायला रस्त्यापर्यंत आला.

घरी यांनी डाग द्यायची जुनी कांडी काढली. मला म्हणाले, बॅटरीचा उजेड धर. आधी दुसरा अडॅप्टर जोडायचा, मग पहिला सोडायचा, म्हणजे मध्ये क्षणभरही करंट तुटत नाही. चष्मा घामानं घसरत होता यांचा. मी बॅटरी दोन्ही हातांनी धरली. पहिला सोडला. दिवा जळत राहिला.

टीव्ही लावून बघितला. माणूस बर्फात उभा, पाठीला दोर. होता तिथंच.

भरल्या घरात आम्ही दोघं म्हातारे त्या माणसाकडं बघत बसलो. भरल्या लिहिलं मी. सवयीनं.

२७ जुलै, रवि.

शु.चा फोन. आवाजावरून कळलं काहीतरी आहे.

मनू नीट जेवत नाही. शाळेत बाईंनी बोलावून घेतलं, वर्गात गप्प असते म्हणून. ती सानिका दुसऱ्या बाकावर गेली. घरी एकच धोशा, आजीकडं जायचं. शु. म्हणाली, "आई, या वर्षापुरती ठेवू का तिला तुमच्याकडं? नितीन म्हणतात, तिला बरं वाटेल तसं करा."

उद्याच घेऊन ये, हे ओठावर आलं होतं. म्हटलं, महालक्ष्म्यांना येशीलच ना, तेव्हा ठरवू.

फोन ठेवला आणि मी हसत होते. पोर तिकडं उपाशी राहतेय आणि आजी हसतेय.

२९ जुलै, मंगळ.

मनूच्या जुन्या शाळेत जाऊन आले. जागा आहे म्हणाले, पाचवीला. सहज विचारलं असं सांगितलं त्यांना. तिचा कप्पा पुसून घेतला, खालचा. यांना सांगितलं नाही. यांना माहीत आहे. उशीचा अभ्रा नवा आणलाय यांनी, त्यावर हत्ती आहेत.

१७ ऑगस्ट, रवि.

भाऊजींचा फोन. कुठून कळतं त्यांना कोण जाणे. "व्हय म्हणा अन् आणून घ्या. मी म्हणलोच होतो, आपलं लेकरू आपल्यात राहत असतं." मी हो हो करत राहिले. मन भरून आलं होतं, कुणीतरी माझ्या बाजूचं बोललं म्हणून. पुढं ते शु.बद्दल बोलायला लागले, आईला लग्नाची घाई झाली, लेकराचं तिला काय. तेव्हा मी फोन ठेवला. तुटला असं त्यांना वाटलं असेल.

२७ ऑगस्ट, बुध. गणपती

मूर्ती यांनी आणली. मोदक केले, पाच. शनिवारी येतायत ती.

महालक्ष्म्यांच्या साड्या काढल्या. नेसवायच्या शु.नंच. दुसऱ्या घरची सून आमच्या महालक्ष्म्या कशी बसवणार, असं शेजारच्या ताईंनी विचारलं. म्हटलं, माहेरवाशीण म्हणून बसवील. महालक्ष्म्या पण माहेरालाच येतात ना.

३० ऑगस्ट, शनि.

काय लिहू.

आली अकरा वाजता. मनू उंच झालीय. गालावरचं मांस गेलं. मला असं घट्ट धरलं की चष्मा वाकडा झाला. मग यांना, तिच्या आबांना घेऊन गच्चीवर गेली, झोका बघायला. नितीन पिशव्या काढत होता. शु. आत आली, पर्स ठेवली, पदर खोचला आणि ओट्याकडं निघाली, जशी रोज कामावरून यायची तशी. पुढच्या खोलीतून जाताना हात बटणाकडं गेला, पंख्याचं बंद केलं, शेजारचं बंद केलं. थांबलीसुद्धा नाही. रिकाम्या खोलीत बटणं चालू ठेवायची नाहीत. दहा वर्षं मीच तिच्या मागं लागले होते.

मी बघत होते. लाल दिवा गेला.

मी लगेच बटण लावलं. दिवा लागला, पण तो वेगळा. टीव्ही बघायची गरज नव्हती.

शु. आत विचारत होती, आई, वरणाची डाळ गॅसवर ठेवू का? मी म्हटलं, हो. तिला सांगणारच नव्हते. कुणालाच सांगणार नव्हते.

मनू खाली आली ती थेट टीव्हीपाशी. लावला. पडद्यावर पहिलं चित्र, सुरुवातीचं. डोंगर लांब आणि संगीत वाजतंय.

मी म्हटलं, लाईट गेली होती गं.

"इन्व्हर्टर आहे ना. आबांनी वायर ओढली. तूच फोनवर सांगितलंस."

मला खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. शु. ओट्यापाशी उभी होती, हातात चाळणी. तिनं आधी बटणांकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिचा चेहरा उतरला. "आई, मी बंद केलं का?"

मनू तिच्याकडं वळली. रडत नव्हती. हळूच म्हणाली, "तू सगळंच बंद करतेस."

मग रडली. दोन वर्षांत मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं, अमोलच्या दहाव्यालासुद्धा नाही. शु. जवळ गेली तर तिला ढकललं. माझ्या मांडीत तोंड घालून म्हणाली, मी नाशिकला जाणार नाही, मी आजीकडं राहणार.

झालं. हेच तर मला पाहिजे होतं. कप्पा पुसलेला, अभ्रा आणलेला, शाळेत जागा. नितीन दारात पिशवी घेऊन उभा होता, आत येऊ का नको असा. सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मला काय वाटलं ते लिहून ठेवते, इथं तरी खरं लिहावं. ती रडत होती आणि मला बरं वाटत होतं. ह्या घरासाठी अजून रडतेय म्हणून. मग शु.चं तोंड दिसलं. हात तसाच पुढं राहिला होता तिचा.

मी मनूला म्हटलं, "हे घर तिचं आहे म्हणून हात गेला तिचा. पाहुणी असती तर बटणाला हात लावला नसता. रागावायचं तर माझ्यावर रागाव, ती सवय मी लावली."

तिला कळलं का माहीत नाही. नाक पुसत राहिली.

नितीन पिशवी दारातच ठेवून आला आणि फरशीवर बसला, मांडी घालून. रिमोट उलटा धरला. म्हणाला, मला येत नाही. पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा मनूनं त्याच्या हातातून रिमोट घेतला, सुलटा केला आणि परत दिला. अजून हुंदके देत होती. म्हणाली, आधी पळायचं, मग उडी. त्याचा अंगठा धरून तिनं बटण दाबलं.

मी उठून गॅसकडं गेले. डाळ करपली होती.

१ सप्टेंबर, सोम.

महालक्ष्म्या जेवल्या. शु.नं साड्या अशा नेसवल्या की शेजारच्या ताई निऱ्या बघायला दोनदा आल्या. मनू आणि नितीन नदीपर्यंत पोचले. तो अजून पडतो. ती ओरडते त्याच्यावर, बाबा, दोर, दोर.

दुपारी आवराआवर करताना शु.नं विचारलं. "आई, मग ठेवू ना तिला?"

म्हटलं, घेऊन जा.

ती म्हणाली, पण तुम्हीच तर म्हणाला होतात, ठरवू. म्हटलं, ठरवलं. इथं ती अमोलपाशी बसून राहील, आणि मी तिच्यापाशी. दिवाळीपर्यंत रुळली नाही तर बघू. पण रुळेल. आता खातेय, बघितलंस ना, तीन पोळ्या खाल्ल्या.

शु. पाया पडायला वाकली, मी पडू दिलं नाही. मला ती पोर हवी आहे, एवढी हवी आहे की छाती दुखते. मी ठेवून घेतली तर तिच्यासाठी नाही ठेवणार, माझ्यासाठी ठेवीन. हे मला माझं माहीत आहे.

यांना सांगितलं तेव्हा यांनी मान हलवली. मग मोरीत गेले, नळ सोडला आणि बराच वेळ तिथंच होते.

३ सप्टेंबर, बुध.

गेली. मनूनं पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर घेतला. हत्तीचा अभ्रा मागितला, दिला. गाडीत बसल्यावर काच खाली करून हात हलवला, वळणापर्यंत. पळत परत आली नाही.

भाऊजींना फोन करून सांगितलं मीच. पोरगी तिच्या आईकडं राहणार. बरं, म्हणाले शेवटी.

७ सप्टेंबर, रवि.

डबा चालू आहे. गुहेच्या तोंडाशी थांबवलाय त्यांनी. मंगळवारी संध्याकाळी मनूनंच बटण दाबलं, टीव्ही बंद केला आणि जेवायला उठली. जाताना काही म्हणाली नाही. बंद करू नको म्हणाली नाही, बंद कर असंही म्हणाली नाही. विसरली असेल. किंवा सांगायची गरजच वाटली नसेल, आजी ठेवणारच म्हणून.

पंखा फिरतोय. हे सकाळी हात लावून बघून आले, जास्त गरम नाही म्हणाले.

काल फोनवर मनू खूप बोलली. ती सानिका परत बाकावर आलीय. गेमचं काही निघालं नाही. मी दोनदा विषय तिथवर आणला आणि तिसरंच काहीतरी विचारलं.

आज हे म्हणाले, फोन करून सरळ विचार ना तिला, चालू ठेवू का बंद करू.

विचारलं आणि ती कर बंद म्हणाली तर?